चला, पण डबा कोण करणार?

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "उद्या रविवार आहे. कुठंतरी जाऊ या का सगळी?" मुलांनी एकच गलका केला. आणि मी? फडकं हातात तसंच धरून मनात मोजायला लागले. कणीक किती शिल्लक आहे, बटाटे आत्ताच उकडून ठेवावे लागतील, धाकटीचा स्वेटर वाळलेला नाही, सासूबाईंच्या गोळ्या वेगळ्या पुडीत बांधायला हव्यात, आणि सकाळी पाचचा गजर.

तुमच्यापैकी किती जणींच्या पोटात 'सहल' हा शब्द ऐकून असा गोळा येतो? खरं सांगा. मला वाटतं, बहुतेकींच्या येत असेल. पण सांगायची चोरी. नवरा हौसेनं नेतोय आणि हिचं तोंड वाकडं, असं कोण म्हणवून घेईल?

आम्ही राहतो वाईला. बाजारपेठेचं गाव. आजूबाजूच्या पन्नासेक खेड्यांची माणसं हळद, गूळ, शेंगा घेऊन इथं येतात आणि जाताना पाटी-पेन्सिलीपासून पैठणीपर्यंत सगळं घेऊन जातात. पुण्यामुंबईची मंडळी गाड्या भरभरून आमच्याकडे सहलीला येतात, कृष्णेच्या घाटावर फोटो काढतात, पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जातात. आणि आम्ही? पाहुणे आले की त्यांना दाखवायला म्हणून जातो. पाहुणे ढोल्या गणपतीपुढे हात जोडून उभे असतात, तेव्हा घरची बाई चपला सांभाळत असते किंवा पाण्याच्या बाटल्या मोजत असते.

त्या रात्री मात्र काय झालं कोण जाणे. दिवसभर शाळा (मी अर्धवेळ शिक्षिका आहे, अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा, वह्या पूर्ण), संध्याकाळी पाहुणे, त्यात हे. मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "तुम्ही सगळी जा. मी घरीच राहते."

बाहेर एकदम शांतता झाली. ह्यांना वाटलं मी रागावले. खरं तर रागापेक्षा मला झोप हवी होती. तो रविवार तसाच गेला. कुणीच कुठं गेलं नाही.

सोमवारी दुपारी शेंगा फोडताना सासूबाई म्हणाल्या, "तू काल म्हणालीस ना, तसं मीही एकदा म्हटलं होतं."

मी मान वर करून पाहिलं.

"मुलं लहान होती. तुझ्या मामंजींनी प्रतापगडाला जायचं काढलं. आदल्या दिवशी सगळं पापडांचं पीठ मी एकटीनं कुटलं होतं. म्हटलं, तुम्ही जा, मी राहते घरी. ते गेले. मग पुढच्या खेपेला मला कुणी विचारलंच नाही. 'हिला आवडत नाही बाहेर,' असं ठरूनच गेलं. मग ते जातच राहिले."

शेंगा फोडता फोडता त्या सहज बोलल्या. आवाजात तक्रार नव्हती. १९७४ साली लग्न होऊन त्या वाईत आल्या. पन्नास वर्षं झाली. मी विचारलं, "आई, मेणवलीची घंटा पाहिली असेल ना तुम्ही?" मेणवली आमच्या घरापासून जेमतेम तीन किलोमीटर. त्या म्हणाल्या, "नाही गं. ऐकलंय खूप."

मला त्या क्षणी माझी भीती वाटली. 'मी घरी राहते' हे मी एकदा म्हटलं होतं. अजून दोनदा म्हटलं असतं, तर माझ्याबद्दलही ठरून गेलं असतं.

रात्री ह्यांच्याशी बोलले. भांडले नाही, बोलले. म्हटलं, "सहलीला यायला मला आवडतं. सहलीचा स्वयंपाक करून, सहल वाढून, सहलीची भांडी घासायला आवडत नाही." हे जरा गप्प बसले. मग म्हणाले, "मग बाहेरच खाऊ." पण सासूबाईंना बाहेरचं चालत नाही, धाकटीला तिखट लागतं, आणि पाच जणांचं बाहेरचं खाणं दर महिन्याला काढायचं तर बजेट कोसळतं. तेव्हा तोडगा दुसरा निघाला. सहल अर्ध्या दिवसाची करायची, जवळची करायची, आणि डब्याची कामं आदल्या दिवशी सगळ्यांत वाटायची. लिहायला सोपं आहे. पहिल्या वेळी ह्यांनी दशम्यांची कणीक भिजवली ती इतकी सैल, की लाटताना पोळपाट वर उचलला जात होता. मी तोंडातून शब्द काढला नाही. तोंड बंद ठेवणं हेच त्यातलं अवघड काम, असं माझं अनुभवानं मत झालं आहे.

माघातल्या एका रविवारी आम्ही मेणवलीला गेलो. स्कूटरवर पाच माणसं मावत नाहीत, म्हणून रिक्षा ठरवली. ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंना ऊस. नाना फडणीसांचा वाडा ह्या गावातला. वाडा खाजगी मालकीचा आहे, तेव्हा आत जायला मिळेल का, हे आधी चौकशी करूनच जावं. नाहीतर मुलं दारात हिरमुसतात. वाड्याच्या मागून दगडी पायऱ्या उतरून घाटावर जाता येतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. ह्यांनी एक हात धरला, थोरल्यानं दुसरा. दर आठ-दहा पायऱ्यांना थांबायचं असं ठरवलं, आणि घाईची कुणाची बिशाद नव्हती. कारण पुढं गाठायचं काहीच ठेवलं नव्हतं. एका दिवसात मेणवली, धोम, पाचगणी आणि महाबळेश्वर उरकणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना गाडीतच बसवून ठेवलेलं असतं.

घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि तिथंच ती घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. थोरला सहावीत आहे, त्याला लगेच प्रश्न पडला, "आजी, महादेवाच्या देवळात ही कशी?" सासूबाईंनी घंटेवरून हात फिरवला. म्हणाल्या, "बाळ घेऊन बसलीय बिचारी. बसू दे की."

मग त्या पायरीवर बसल्या. पाण्यात पाय सोडले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, गुडघे दुखायला लागले असणार. जवळ गेले तर म्हणाल्या, "पन्नास वर्षं कृष्णेवर येतेय मी. गणपती घाटावर गोधड्या धुतल्या, वाकळा धुतल्या, तुझ्या नवऱ्याची लंगोटी धुतली. पण नुसती बसले नव्हते कधी."

धाकटीनं लगेच विचारलं, "बाबांची लंगोटी?" आणि सगळं हसण्यावारी गेलं. बरं झालं.

(ह्याच मेणवलीत 'स्वदेस' ह्या २००४ सालच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं होतं. ते कळल्यावर मुलांनी घंटेपेक्षा जास्त फोटो त्या पायऱ्यांचे काढले. असो.)

आता डब्याचं. तुम्ही वाट पाहत असाल. उन्हात चार-पाच तास टिकणारा आणि हातानं खाता येणारा डबा हवा. दशम्यांना तोड नाही. कणीक दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब घालायचा नाही, थोडं तूप आणि मीठ. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं. रस्सा, उसळ ह्या भानगडीत पडू नये. कितीही घट्ट झाकणाचा डबा घ्या, पिशवीत सांडतोच. दहीभात न्यायचा तर भात मऊ शिजवून, कोमट झाला की दुधात सैलसर कालवावा आणि विरजणापुरतं एक चमचा दही घालावं. जेवायच्या वेळेपर्यंत तो डब्यातच लागतो आणि आंबट होत नाही. फोडणी घरीच देऊन न्यावी. काकडी, गाजर अख्खी न्यावीत. कोशिंबीर करून नेली की पाणी सुटतं. तिथं चिरायचं काम मुलांना द्यावं. कोरड्या भेळेचं सामान वेगवेगळ्या पुड्यांत नेलं, तर पाच वाजताची भूक भागते आणि कालवायची मजा मुलांची.

बसायला सतरंजीपेक्षा जुनी नऊवारी बरी. हलकी, घडी लहान, आणि उन्हं आली तर झाडाला बांधून आडोसाही होतो. जेवणाच्या जागी मागं काही टाकू नये. घाटावर प्लास्टिकच्या पिशव्या पाहिल्या की मला त्या टाकणाऱ्यांच्या घरचा पत्ता काढून तिथं नेऊन द्याव्याशा वाटतात.

आणि एक गोष्ट, जी सहलींवर लिहिणारी पुरुषमंडळी कधीच लिहीत नाहीत. आपल्या सोयीचं काय? सासूबाई सकाळपासून पाण्याचा घोट घेईनात. मी दोनदा तांब्या पुढं केला, "नको, नको." तिसऱ्यांदा लक्षात आलं. बायका बाहेर पडल्या की पाणी पीत नाहीत, आणि मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि 'मला बाहेरचं सोसत नाही' असा समज होतो. बाहेरचं सोसतं, न पिणं सोसत नाही. म्हणून अर्ध्या दिवसाची सहल. सकाळी आठला निघा, एक-दीडला घरी या. लांब जायचं असेल, तर वाटेत चहाला थांबायची जागा आधीच ठरवा आणि बसण्यापूर्वी सोय आहे का, स्वच्छ आहे का, हे नवऱ्याला आत पाठवून विचारायला लावा. लाजायचं कारण नाही. त्यांनाही कळू दे, हा प्रश्न असतो ते.

त्यानंतर वर्षभरात आमच्या सात-आठ सहली झाल्या. सगळ्या साधल्या नाहीत. धोमला गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजलेले, फरशी तापलेली, धाकटी रडून बेजार. पण तिथल्या सिद्धेश्वराच्या देवळापुढचा नंदी मुलांना जरूर दाखवा. कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात कासव, कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलेलं असलं की कासव तरंगतंय असं वाटतं. रंगपंचमीला बावधनचं बगाड पाहायला गेलो, ती चूक झाली. यात्रा पाहण्यासारखीच, पण लहान मूल आणि म्हातारं माणूस घेऊन त्या गर्दीत शिरू नये. ओळखीच्या कुणाची गच्ची मिळाली तरच जावं.

भिलारला मात्र पूर्ण दिवस काढला. पाचगणीच्या पुढचं हे स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. घराघरांतून पुस्तकं मांडलेली आहेत. बसावं, वाचावं, ठेवून द्यावं. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या. एका घराच्या पडवीत खुर्चीवर बसून त्यांनी दोन तास वाचलं, आणि निघताना पान कितवं ते हातावर पेनानं लिहून घेतलं. परत येऊन ते पुरं करायचं आहे म्हणे.

आणि कुठंच जायला जमलं नाही, तर बाजार आहे. हसू नका. आठवड्याचा बाजार ही आमच्याकडे आता ठरलेली सहल झाली आहे. दोन्ही मुलांना पन्नास-पन्नास रुपये द्यायचे. अट एवढीच, की किमान एक वस्तू घरात उपयोगाची आणायची आणि हिशेब लिहायचा. पहिल्या खेपेला थोरल्यानं चाळीस रुपयांचे चक्क भोवरे आणले आणि दहा रुपयांची कोथिंबीर. धाकटी एका म्हाताऱ्या मावशींपुढं बसली आणि बोरांच्या वाट्यांतला मोठा वाटा कुठला हे पंधरा मिनिटं ठरवत राहिली. मावशींनीही तिला घाई केली नाही. उठताना मूठभर बोरं वर घातली. दुकानात वजनकाटा आपला आपण आकडा दाखवतो, तिथं मुलाला हे कुठून मिळणार?

सासूबाईंनी त्यांना जुनी मापं शिकवली. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. वर्गात मी अपूर्णांक शिकवते तेव्हा पाव आणि अर्धा समजावताना घाम फुटतो. आजीनं ते शेंगांच्या ढिगापाशी पाच मिनिटांत करून टाकलं. हळदीच्या दिवसांत वाटेत एखाद्या मळ्यात काहिलीत हळद शिजताना दिसली, तर विचारून थांबावं. शेतकरी नाही म्हणत नाहीत. ओल्या हळदीचा तो वास घेतला, की पुडीतली हळद कुठून येते हे मुलांना सांगावं लागत नाही. येताना अर्धा किलो ओली हळद आणावी आणि लिंबू-मीठ घालून लोणचं घालावं. हाताला पिवळा रंग दोन दिवस राहतो, एवढं लक्षात ठेवा. मी लग्नाला जायच्या आदल्या दिवशी हे केलं होतं.

बाजारातून परत येताना कधी कधी आम्ही ढोल्या गणपतीवरून येतो. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ. मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, म्हणजे कृष्णेचा पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं. इतकी वर्षं मी पुढूनच नमस्कार करून परत फिरत होते. देवळाला वळसा घालून मागं जायला वेळच नव्हता. ती भिंत मला दाखवली माझ्या मुलानं, त्याला शाळेत सरांनी सांगितलं म्हणून.

तुम्ही म्हणाल, हिचं गाव कृष्णेकाठचं, घाटाचं, आमच्याकडे काय आहे? माझी नणंद मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी असते. तीही असंच म्हणायची. मग एकदा तिनं शोधलं, तर गावाबाहेर दोन किलोमीटरवर एक जुनी बारव निघाली. आता चार घरच्या बायका मिळून महिन्यातून एकदा डबे घेऊन जातात. पुरुषमंडळींना नेत नाहीत, असं तिनं फोनवर जरा जास्तच आनंदानं सांगितलं.

अजून सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. परवाच शनिवारी हे म्हणाले, "ह्या वेळी कंटाळा आलाय, तूच करून टाक ना दशम्या, तुझ्या छान होतात." स्तुतीचा हा प्रकार आपल्याला ओळखू यायला हवा. मी म्हटलं, "मग ह्या रविवारी पोहे खाऊन जाऊ, डबा नकोच." थोड्या वेळानं परातीचा आवाज आला. दशम्या कडक झाल्या. सासूबाईंनी चहात बुडवून दोन खाल्ल्या आणि "खुसखुशीत आहेत" म्हणाल्या.

येत्या रविवारी लिंबला जायचं ठरलंय. साताऱ्याकडे जाताना हमरस्त्यापासून आत हे गाव आहे. तिथं शके १६४१ ते १६४६ ह्या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधलेली बारा मोटांची विहीर आहे. एका वेळी बारा मोटा चालतील एवढी, आणि वर मोटांच्या मधोमध बसायला महालासारखी जागा. एका बाईनं बांधलेली विहीर म्हणून सासूबाईंना फार उत्सुकता. मात्र त्यांनी कालच ह्यांना बजावून ठेवलंय, "पायऱ्या किती आहेत ते विचार, आणि चहाला कुठं थांबायचं तेही."